भिंगरीचं कागदावरचं नाव

कुकरची शिट्टी झाली की पेडगावातल्या पोरांना भूक लागते. संघप्रियाच्या घरात मात्र त्या शिट्टीनं सगळ्यांचं काळीज थांबायचं. तिची सहा वर्षांची बहीण भिंगरी तो आवाज ऐकताच ताठ व्हायची, डोळे वर, ओठ काळेनिळे. म्हणून त्यांची डाळ कायम पातेल्यातच शिजायची.

आणि आज परभणीच्या दवाखान्यात त्याच भिंगरीच्या डोक्याला वायरी चिकटवून तिला मुद्दाम आवाज ऐकवणार होते! संघप्रिया वायरींच्या आडवी आली.

"मॅडम, फिट आली तर?"

"मी आहे ना," मशीनवरच्या वैजयंती मॅडम म्हणाल्या. "आवाज हळू असतील. तिचा आजार जन्मापासूनचा, जनुकातला. कान चांगले आहेत तिचे. पण हाक मारली तर वळत नाही. कानात गेलेलं मेंदूला कळतंय का, तेवढं बघू."

"अन् कळत नसंल तर?" आईनं विचारलं. मॅडमनी शेवटची वायर दाबून बसवली.

"कशाला लेकराला छळायलाव?" सोबत आलेली आत्या, सुमनबाई, आईला बोललीच. "हिला काय कळतंय, मनिषा! भिताडाशी बोलल्यावानी हाय सगळं. आज हाय, उद्या न्हाई."

"आत्याबाई, गप बसा की वो!" आई म्हणाली.

स्पीकरमधून अनोळखी नावं येऊ लागली. कविता. मीनाक्षी. मधेच साक्षी. पुन्हा कविता. स्वतःच्या नावाला मशीनवरची रेघ उसळायला हवी होती. संघप्रिया पडद्याकडे डोळे फाडून बघत होती. साक्षी... रेघ आपली तशीच. साक्षी... तशीच.

आईनं पदर तोंडात कोंबला. रोज शाळेतून आल्यावर संघप्रिया भिंगरीला सगळं सांगायची, कोण पडलं, कोणाला छडी बसली, सगळं! मग इतकी वर्षं ती कुणाशी बोलत होती?

आणि एकदम ती ओरडलीच, "पण मॅडम, तिला साक्षी कोण म्हणतंय?"

"हिचंच नाव ना? कागदावर आहे."

"कागदावरच हाय! मम्मे, तू कधी मारलीस हाक तिला साक्षी म्हणून?"

आई चाचरली. "नाव ठेवलं त्या दिशी... तेवढीच."

मॅडमनी कपाळावर हात मारला आणि माइक संघप्रियापुढे धरला. "बाकीची नावंही तूच म्हण. म्हणजे फरक आवाजाचा नाही, नावाचा हे कळेल."

कविता, मीनाक्षी तिनं धडाधड म्हटलं. "भिंगरे" म्हणायच्या आधी मात्र तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. आता सबब उरली नव्हती. याही नावाला रेघ हलली नाही तर?

कविता. मीनाक्षी. भिंगरे.

रेघ उसळली.

"फिट! मॅडम, फिट आली!" संघप्रियानं भिंगरीचा हात गच्च धरला.

"थांब, थांब! हात बघ तिचा. सैल आहे ना?"

होता. मऊ, ऊबदार, सैल. मॅडमनी पुन्हा पुन्हा नावं म्हणायला लावली. भिंगरे आलं की रेघ उठायची, बाकी नावांना निजून राहायची.

"नाव ओळखते ती," मॅडम म्हणाल्या. "पण फिट थांबतील असं मात्र यावरून सांगता येत नाही, ताई."

आई रडली, हसली, पुन्हा रडली. सुमनबाईचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

परतताना रिक्षात तिनं सवयीनं तोंड उघडलं, "मनिषा, हिचं काय खरं..." आणि मधेच जीभ चावली. मांडीवरच्या पोरीकडे चोरून बघत म्हणाली, "भिंगरे, सगळं ऐकत व्हतीस व्हय गं माय?"

संघप्रियाला हसू फुटणार, तोच मागून ट्रकनं कर्कश हॉर्न दिला. तिघींचे हात एकदमच भिंगरीच्या कानांवर गेले.