वासाची नदी

ज्या घराला थोरलीने नाकाला रुमाल लावून नकार दिला होता, त्याच घरी ती इतक्या वर्षांनी पाहुणी म्हणून आली होती. तेव्हा नदी म्हणजे शहराचं उघडं गटार होतं. घड्याळं दुरुस्त करणारा मुलगा बरा होता, पण "त्या वासात मी नाही नांदणार," असं तिने ठणकावलं आणि स्थळ धाकटीच्या गळ्यात पडलं. आता नदी स्वच्छ झाली होती, जुन्या धक्क्यावर बाकं आणि दिवे आले होते, लोक तिकीट काढून होडीत बसत होते. थोरलीच्या पोटात स्टेशनापासूनच दुखत होतं. आपण चुकलो नाही, एवढंच तिला बघून जायचं होतं.

"दाखव बाई तुझी नदी," ती आल्याआल्या म्हणाली.

धाकटी हसली. "कुठून दाखवू? त्या बाजूला खिडकीच नाही."

खरंच नव्हती. वासाच्या दिवसांत सगळ्या गल्लीने नदीकडच्या खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या. उरला होता न्हाणीघराचा झरोका. थोरलीला इतकं बरं वाटलं की तिने आणखी चहा मागून घेतला.

"सगळ्यात आधी आमच्या बुजल्या," धाकटी कप भरत म्हणाली. "नवीन आले तेव्हा मला घास जायचा नाही. यांनी दुकान बंद ठेवून स्वतः विटा रचल्या. भिंत वाकडी झालीय, बघ ना. आता फोडू म्हणतात, पण मीच नको म्हणते."

थोरलीचा चहा निवला. ती पोचली का, हे विचारायला तिच्या नवऱ्याने अजून फोनसुद्धा केला नव्हता.

संध्याकाळी घड्याळजी लवकर घरी आला. "चला ताई, धक्क्यावर फेरी मारू."

"पाय दुखतात माझे. तुम्ही दोघं या जाऊन."

दार लागताच तिने न्हाणीघरात बादली पालथी घातली आणि वर चढून झरोक्याला डोळे लावले. नदीकडे तिने बघितलंही नाही. बाकाजवळ धाकटी एक पाय पुढे करून उभी होती आणि घड्याळजी भर गर्दीत खाली बसून तिच्या चपलेचा पट्टा लावत होता. पट्टा काही बसेना. दोघं हसत होती. तो पाय माझा होता, असं थोरलीला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

दोघं परतली तरी न्हाणीघराचं दार बंदच होतं.

"ताई, बरी आहेस ना?"

"वास येतो गं अजून तुमच्या नदीला," थोरली डोळे पुसलेला रुमाल नाकाला लावून म्हणाली.

"येतो का?" धाकटी बाहेरून म्हणाली. "थांब, यांना सांगते. उद्या तोही झरोका बुजवून देतील."