मोजणीत न सापडलेलं जनुक

"मॅडम, मूल होत नसेल तर दोष बाईचाच, हे कुणी ठरवलं?"

प्रश्न शेवटच्या बाकावरून आला. मैत्रिणींनी पैज लावली होती की एरवी एवढी बोलतेस, तर हिंमत असेल तर हे विचारून दाखव. विचारणारीला घरी टकळी म्हणतात, कारण तिच्या तोंडाची टकळी झोपेतही थांबत नाही. त्या दिवशी मात्र तिचे कान लालबुंद झाले होते. मला ठाऊक आहे, मी त्या कानांतच होतो. तिच्या कानांत, नखांच्या मुळांत, जवळजवळ प्रत्येक पेशीत मी आहे.

मित्रांनो, मी एक जुनं जनुक आहे. तुमची आडनावं जन्मली नव्हती तेव्हापासून मी कामावर आहे. जनुक म्हणजे शरीरात लिहून ठेवलेली सूचना. प्रत्येकाला माझ्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. मी आणि माझी भावंडं मिळून एक इवलंसं दार घडवतो. हे दार पुरुषाच्या शुक्रपेशीच्या शेपटीवर बसतं, दुसरीकडे कुठेच नाही. बाईच्या अंगात मी नुसता घडी घालून ठेवलेला असतो. शुक्रपेशी स्त्रीबीजाजवळ पोचली की दार उघडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि शेपटी चाबकासारखे फटके मारू लागते. तो शेवटचा जोर मिळाला तरच स्त्रीबीजाचं कवच भेदलं जातं. तुम्ही बहुतेक सगळे त्याच जोरावर या जगात आला आहात.

आभार कुणी मानले? बाळ झालं की नाक आजोबांचं, जिवणी आत्याची आणि नाव घराण्याचं. माझं कुणी नावही काढलं नाही. तेही मी सोसलं. मग फार मागे, कुणाच्या तरी अंगात माझी नक्कल होताना एक अक्षर चुकलं आणि मी मोडका झालो. जोडीची दुसरी प्रत धड असेल तर माझ्यावाचून काही अडत नाही. दोन्ही मोडक्या आल्या तर दार उघडतच नाही. टकळीच्या काकाच्या वाट्याला दोन्ही मोडक्या आल्या.

हा काका किल्ल्या बनवतो. जिन्याखाली त्याचं दुकान आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास बाहेर घ्यावा एवढं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, मशीनखाली पितळेचा कीस. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एकच वाक्य ऐकवतो. "किल्लीच्या दिसण्यावर जाऊ नका. कुलपात फिरवून बघा, नाही फिरली तर परत आणा." काकू चार दुकानं सोडून चष्म्याच्या काचा घासते. तिच्या बोटांना काचेची पांढरी भुकटी कायम चिकटलेली असते.

लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नव्हतं. काकूच्या तपासण्या तीन वेळा झाल्या. काकाची एकदाच झाली आणि अहवाल आला की संख्या भरपूर, हालचाल ठीक. झालं. टकळीच्या आजीने तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि पर्समध्ये ठेवला. मग ती तो घेऊन नातेवाइकांच्या घरोघर गेली. अकरा घरं झाली. चहा येण्याआधी कागद बाहेर यायचा. माझ्या मुलात खोट नाही, डॉक्टरांची सही आहे, बघा. खोट कुणात आहे ते ती बोलायची नाही, नुसता सुस्कारा टाकायची. सुस्काऱ्याला कोण उत्तर देणार? पुढे कुणाचं बाळ बघायला जायचं असलं की काकूला घर राखायला ठेवू लागले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि तो चोर मी होतो, मित्रांनो. मोडका मी, शिक्षा तिला. बरं, मी आलो होतो कुठून? आजीकडूनच. कागद तिच्या पर्समध्ये होता आणि पर्स धरणाऱ्या हातात मी होतो. एकेका घरी तो कागद उघडला गेला आणि एकेका घरी मी मनात नोंद केली. या बाईचा सूड घ्यायचा. पण जनुकाला तोंड नसतं, म्हणून वाट पाहत राहिलो.

यंदा आजीने फर्मान काढलं की महिन्याअखेर काकूने भावाकडे जावं आणि काकाने दुसरं स्थळ बघावं. काका मूग गिळून बसला. काकूने बॅग भरली आणि दारात आणून ठेवली. त्याच आठवड्यात टकळीने तो प्रश्न विचारला.

मॅडम रागावल्या नाहीत. खडू खाली ठेवून त्यांनी माझ्या दाराची गोष्ट सांगितली. नेहमीच्या तपासणीत शुक्रपेशी मोजतात आणि त्या हलतात का ते पाहतात, म्हणाल्या. शेवटचा जोर येतो की नाही, हे त्यात कळत नाही. सगळा अहवाल बरा असूनही दार बंद असू शकतं.

टकळी शाळेतून थेट जिन्याखाली गेली. दप्तर काढण्याआधीच बोलली.

"काका, तुझी किल्ली सगळ्यांनी नुसती बघितली. कुलपात फिरवली कुणी?"

काकाने मशीन बंद केलं. मग कानशींच्या डब्याखालून त्याने एक चिठ्ठी काढली. काकूच्या डॉक्टरीणबाईंनी वर्षापूर्वी त्याच्याच पुढच्या तपासणीसाठी दिलेली. तिच्यावर पितळेचा थर चढला होता.

अहवाल यायला पाच आठवडे लागले. तोवर जाणार नाही, असं काकूने आजीला सांगितलं. शेवटी काकाने कागद सगळ्यांसमोर वाचला, स्वतःच्या तोंडाने. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव या घरात मोठ्याने घेतलं गेलं. आजी म्हणाली, असलं काही आमच्या घराण्यात नाही, कुठून आलं हे? डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं काकाने तसंच सांगितलं. "एक प्रत बाबांकडून आलीय आई, आणि एक तुझ्याकडून."

आजोबा जाऊन सहा वर्षं झालीत, ते वाद घालायला येणार नव्हते. आजीचा हात पर्सकडे गेला आणि मध्येच थांबला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. दया नावालाही आली नाही. मी अंगात असणं हा तिचा गुन्हा नव्हता, तो कुणाचाच नसतो. कागद मिरवणं हा होता.

उपाय आहे, शुक्रपेशी सुईने स्त्रीबीजात सोडता येते, असंही काकाने सांगितलं. सगळ्यांनी काकूकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "मुलाचं मागाहून बघू. आधी त्या अकरा घरांचं बघा. तोवर बॅग दारातच राहील."

आजी भिंतीकडे तोंड करून बसली. टकळीचे बाबा म्हणाले की झालं गेलं विसरावं, या वयात तिला कुठे फिरवायचं. टकळीच्या आईने बॅगेवरची धूळ पुसली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. सायकलला तेल घालता, पुस्तकाला कव्हर घालता, तशी माणसाच्या नावाचीही काळजी घ्या. अर्धा कागद वाचून कुणाला दोष देऊ नका. तुमच्याही अंगात माझ्यासारखी कितीतरी मोडकी जनुकं गप्प बसून आहेत. आम्ही तोंड उघडू तेव्हा तुमच्या पर्समध्ये काय असेल, तेवढं बघून ठेवा.

असा मोडका मी टकळीतही आहे, हे तिला अजून माहीत नाही. पण काल संध्याकाळी काकाने तो नवा कागद आपण होऊन तिच्या हातात दिला, तेव्हा मी तिच्या बोटांत होतो. तिने तो जुन्याच प्लास्टिकच्या पाकिटात घातला, जुना कागद मागे, नवा पुढे. मग ती आईबाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"उद्यापासून शाळा सुटली की मी आजीला घेऊन रोज एका घरी जाणार. कागद मी धरणार, बोलायचं तिने. सुस्कारा चालणार नाही. अकरा दिवस लागतील आणि मी आजीच्या चपला दारात काढून ठेवल्यात, काकूच्या बॅगेशेजारी."