जिभेवरचा नंबर

माझी मावशी कुलपांच्या कारखान्यात कारागीर. पूर्वी तिची नुसती चाहूल लागली की कुलूप आपणहून उघडायचं, असं मी सांगेन, तुम्ही विश्वास ठेवू नका. पण तिजोरीला कान लावून ती तिच्या पोटातलं काढून घ्यायची, हे मात्र अगदी खरं.

मग तो ताप आला. पाच दिवसांत गेला आणि जाताना मावशीची निम्मी ताकद काखोटीला मारून घेऊन गेला. आठ महिने झाले तरी ती ताकद परत आली नाही. मावशी आंघोळ करून आली की पैलवानाशी कुस्ती खेळल्यासारखी धापा टाकायची. डोक्यात धुकं. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडायच्या, दूध हत्यारांच्या पेटीत. मला हाक मारायची, "अरे ए... हा... बहिणीचा मुलगा!"

कारखान्याच्या साहेबांनी बजावलं, "अर्धा दिवस काम हवं असेल तर आज पाचच्या आत डॉक्टरांची चिठ्ठी आणा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

तीन वाजता आम्ही दवाखान्यात. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले. "सगळं नॉर्मल आहे. मन रमवा, थकवा पळेल." असं म्हणून ते औषधांच्या खोलीत गेले आणि धाडकन मागचं लोखंडी दार बसलं! आकड्यांचं कुलूप, डायल बाहेर, डॉक्टर आत.

"नंबर सांगा, डॉक्टर!" नर्स ओरडली.

"कालच बदललाय! चार आकडे... अहो, जिभेवर आहे! आत्ता आठवत होता!"

मावशी दाराशी तोंड नेऊन म्हणाली, "अगदी हेच होतं हो मला. आठ महिने."



मावशीनं दाराला कान लावला, डायल फिरवली. "सात!" मी खडूनं दारावर लिहिलं. तोवर बाई जमिनीवर आडवी!

"मावशी, अगं ऊठ!"

"वीस मिनिटं. आता रेटलं तर उद्याचा अख्खा दिवस अंथरुणात जाईल."

दुसरा आकडा, पुन्हा आडवी. सगळे पेशंट येऊन जमले. कुणी खोकला की बाकीचे डोळे वटारायचे. भिंतीवरचं घड्याळसुद्धा चवड्यांवर चालू लागलं. तिसऱ्या आकड्यानंतर मावशी उठली आणि गोंधळून म्हणाली, "आपण हे उघडतोय की लावतोय?"

"उघडतोय! आत डॉक्टर आहेत!"

"कुठले डॉक्टर?"

"मी! मी!" आतून आरोळी आली.

चौथा आकडा. खडाक! दार उघडलं, टाळ्यांचा नुसता कडकडाट! घामानं थबथबलेले डॉक्टर तडक टेबलाशी बसले. "काय काय होतं, पहिल्यापासून सांगा." मावशी अडखळत सांगत राहिली, आणि त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

चिठ्ठी हातात पडली तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. मी मावशीला दवाखान्याच्या चाकाच्या खुर्चीत घातलं आणि अशी पळवली, की मागे लागलेलं कुत्रं नाक्यावर बसून रडलं!

कारखान्यात साहेब कपाट लावतच होते. चिठ्ठी वाचून त्यांनी कुरकुरायला तोंड उघडलं. मावशी खुर्चीत गाढ झोपली होती. मी ओठांवर बोट ठेवलं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, आणि शिक्का असा अलगद टेकवला की कागदालाही कळलं नाही.