ब्रेकबाबाचं कडक पेडल

ब्रेकबाबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध शाळेच्या मुलांना नेणारी जुनी व्हॅन, आणि तिच्या बॉनेटवर तळहात टेकवून ब्रेकबाबा उभा.

"इंजिन बंद! यंत्र गुरगुरलं की मंत्र बुजतो. मी 'फट्' म्हटलं की पाय दाब."

आत बसलेला ड्रायव्हर, सगळ्या पोरांचा धाकटा मामा, प्रत्येक 'फट्'ला ब्रेक दाबत गेला. आधी पाय पार खाली गेला, मग थोडा कमी, मग हलेचना.

"दगड झाला की हो! सकाळी चिखलात रुतल्यासारखा पाय जात होता!"

लोकांनी हात जोडले. ब्रेकबाबाने बजावलं, "आता मुद्दाम दाबून परीक्षा घ्यायची नाही. शंका घेतली की गुण जातो."

ते ऐकून कडेला उभ्या मामीने मान खाली घातली. तिचा नवरा, थोरला मामा, याच अंगणातून असंच कडक पेडल घेऊन गेला होता. दोनच दिवसांनी उतारावर त्याची पोरांनी भरलेली व्हॅन थांबेना, तेव्हा त्याने ती आपल्या बाजूने भिंतीवर घातली. पोरं खरचटण्यावर निभावली. तो गेला. वर ब्रेकबाबा म्हणाला, "त्याचा विश्वास तोकडा पडला." तेव्हापासून मामी शेजाऱ्यांशीही धड बोलत नव्हती.

तिच्या शेजारी एक तरुण आई लेकीचा हात घट्ट धरून उभी होती. उद्यापासून लेक याच व्हॅनमधून शाळेत जाणार होती. परवा दुकानासमोर बंद गाडीत नवऱ्याची वाट बघताना लेक ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळत ब्रेकवर नाचली आणि अचानक म्हणाली, "आई, हे हलतच नाही गं!" आईला ब्रेकबाबाचं कडक पेडल आठवलं होतं. मग तिने वाचून, विचारून खात्री करून घेतली होती.

ती पुढे झाली. "मामा, आता इंजिन चालू करा. पेडलवर पाय हलकेच दाबून धरा, उचलू नका."

"ताई, परीक्षा नको म्हणालेत ना महाराज."

"माझी लेक बसणार आहे मागे. नको कशी?"

इंजिन घरघरलं. मामाचा पाय हळूहळू खाली जाऊ लागला, जातच राहिला, तळाला टेकला.

"घेतली ना बाईने शंका? गेला गुण!" ब्रेकबाबा ओरडला.

त्याची झगझगीत नवी गाडी शेजारीच उभी होती, इंजिन बंद, दार उघडं. आई सरळ आत जाऊन बसली. "इथे मंत्र नको, मी पाढा म्हणते. बे एके बे, बे दुणे चार..." पाढ्याच्या प्रत्येक ओळीला एकदा पाय दाबला. "या, आता कुणीही दाबून बघा."

पेडल दगड.

"महाराज, पाढ्यालाही गुण आहे की!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. ब्रेकबाबा पुटपुटत घरात शिरला.

आई सांगू लागली, "इंजिन चालू असताना एक डबा आपल्या पायाला जोर देतो. इंजिन बंद करून चार-पाच वेळा दाबलं की त्यात साठलेला जोर संपतो आणि कुठलंही पेडल कडक लागतं. म्हणजे दुखणं बरं झालं नाही, मदत संपली. या व्हॅनमध्ये ब्रेकचं तेल दाबून पुढे ढकलणारी रबरं झिजलेली असणार. तेल आतल्या आत मागे सरतं आणि पाय खाली जात राहतो. बाहेर थेंब गळत नाही, म्हणून आपण निर्धास्त."

मामीने तिचा दंड धरला. "अपघाताच्या आदल्या दिवशी हे म्हणाले होते, पेडल परत मऊ लागतंय. कुणाला बोलू नकोस, माझ्याच मनात काहीतरी खोटं असेल." मग तिने विचारलं, "म्हणजे तसं नव्हतं?"

"नव्हतं, मामी. रबर झिजलं होतं."

"मग मी तरी बोलायला हवं होतं गं..."

आई मामीला धरून उभी राहिली. धाकट्या मामाने इंजिन बंद केलं, आणि चार माणसं व्हॅन ढकलत गॅरेजकडे निघाली.

तुमचाही पाय असा खाली जात असेल, तर चारचौघांत मोठ्याने सांगा, आणि गाडी हात फिरवणाऱ्याकडे नको, उघडून बघणाऱ्याकडे न्या. थोरल्या मामाचा पाय त्याला खरं तेच सांगत होता. त्याने विश्वास मात्र दुसऱ्याच्या हातावर ठेवला.