बिनवासाची खोली

लेक घरी येणार म्हटलं की बाकीचे बाप पिशवी घेऊन बाजारात पळतात. हा रंगारी डबे उघडायचा. भिंत घासायची, भेगांत लांबी भरायची, अस्तर मारायचं आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. मन भरलं नाही तर तिसरा. चौकटी, खिडक्या, स्टूल, पलंगाचे पाय, काही म्हणून त्याच्या तावडीतून सुटायचं नाही. एकदा त्यानं पिठाचा डबासुद्धा रंगवला होता. "मी जरा वेळ एका जागी उभी राहिले तर मलाही एक हात माराल," असं बायको म्हणायची, आणि तो खरंच विचारात पडल्यासारखा तिच्याकडे बघायचा.

माया दाखवायची त्याच्याजवळ ही एकच रीत होती. गोड बोलणं त्याला कधी साधलं नाही. आयुष्यभर लोकांची घरं चकचकीत केली, तेव्हा आपल्या लेकीसाठी भिंतीत तोंड दिसेल इतकी चमक आणायची, हेच त्याचं लाडाचं बोलणं. चमक यायचीही. याचं काम बघायचं तर याच्या घरी जाऊन बघा, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगायची.

लेक यायची, दारातच "बाबा, किती सुंदर केलंय" म्हणायची, आणि दोन दिवसांत बॅग भरायची. कधी नवऱ्याला बरं नसायचं, कधी ऑफिसातून बोलावणं आलेलं असायचं. तिची पोरगी, जिला टपोऱ्या डोळ्यांमुळे सगळे गोटी म्हणत, आल्या दिवसापासून खोकत असायची. "इथलं पाणी बाधतं हिला," असं लेक म्हणायची, आजी मान डोलवायची, आणि रंगारी लगबगीनं पाणी उकळायला ठेवायचा. त्या गेल्या की तो घरभर हिंडून भिंती तपासायचा. लेकीला आपलं घर मानवत नाही, एवढं त्याला कळत होतं. का, ते कळत नव्हतं. काम कुठंतरी कमी पडत असणार, असं म्हणून पुढच्या खेपेला तो आणखी भारी रंग आणायचा.

यावेळी तर मामला मोठा होता. जावई वर्षभरासाठी दूरच्या कामावर गेला होता, लेकीची बदली याच शहरात झाली होती, आणि ती गोटीला घेऊन आईबापाकडेच राहणार होती. वर्षभर राहणार, हे रंगाऱ्यानं अख्ख्या गल्लीला ऐकवलं, काहींना दोनदा. कोपऱ्यातली खोली त्यानं फिकट गुलाबी केली, एका भिंतीला बदकांचा प्लॅस्टिकचा वॉलपेपर चिकटवला, सुताराकडून प्लायवुडचं नवंकोरं कपाट करून आणलं. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून दारं घट्ट लावून घेतली. बायको दार उघडायला गेली तर तिच्यावर खेकसला.

लेक आली. गोटी बदकं बघून हरखली, प्रत्येकाला तिनं नाव दिलं, आणि संध्याकाळपर्यंत तिचे डोळे लाल झाले. खोकला वाढत गेला. आठवडा कसाबसा निघाला. मग एका सकाळी चहा पिताना लेक कपात बघत म्हणाली, "बाबा, ऑफिसजवळ एक खोली बघितलीय मी. जाण्यायेण्यात फार वेळ जातो हो."

"एवढा जातो?"

"हो ना."

ऑफिस बसनं दोन थांब्यांवर होतं. ते रंगाऱ्याच्या जिव्हारी लागलं. पोटच्या पोरीला भाड्याची खोली चालते आणि बापाचं घर चालत नाही. तिनं पत्ता आईला सांगून ठेवला होता; तो बायकोकडून काढून घेऊन रंगारी त्याच दुपारी निघाला. बघू तरी, म्हणाला, असं काय सोनं लागलंय तिथं.

सोनं राहू द्या, साधा रंगही लागला नव्हता. मातीचा गिलावा, त्यावर चुना, तोही कुंच्याचे फराटे दिसतील असा. भरीव लाकडाची मांडणी, तिला नुसतं तेल पाजलेलं. समोरासमोर दोन खिडक्या, दोन्ही सताड उघड्या. रंगाऱ्यानं भिंतीवर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं, तेव्हा त्याला बरं वाटलं. असल्या खोलीवर आपली लेक भाळणं शक्य नाही.

"रंगकाम काढायचं असेल तर सांगा. मी रंगारी आहे," तो घरमालकिणीला म्हणाला.

"छे, नको हो," म्हातारी घाईनं म्हणाली. "आमच्या ह्यांना दमा होता, म्हणून मुद्दाम अशी खोली बांधून घेतली. रंग नाही, वास नाही. आता जी भाडेकरू येतेय तिला तर नेमकी अशीच हवीय. परवा पोरीला घेऊन आली होती. तिला इथं मधोमध उभं केलं, म्हणाली, घे बघू मोठा श्वास. आणि पोरीच्या पाठीला कान लावून ऐकत बसली. किती खोल्या पालथ्या घातल्या म्हणे, प्रत्येक ठिकाणी असाच कान लावून. इथं ऐकलं आणि डोळ्यांना पाणीच आलं तिच्या."

रंगाऱ्यानं विचारलं, "पाणी का यावं?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाली, इथंच वडिलांचं घर आहे, माझ्यासाठी फार हौसेनं रंगवलंय त्यांनी. मला तिथंच राहायचं होतं. पण त्या वासानं लेकराची छाती भरते, आणि त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही."

रंगारी चालतच घरी आला. आल्या आल्या गुलाबी भिंतीला नाक लावलं. मग बदकांना लावलं. मग नव्या कपाटाचं दार उघडून डोकं आत घातलं. त्याला कसलाच वास येईना.

"काय हुंगताय?" बायकोनं दारातून विचारलं.

"आपल्या घरात वास येतो का गं?"

"तुमचं नाक रिटायर होऊन जमाना झाला. दूध करपलं तरी तुम्हाला पत्ता नसतो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि बोलली नाहीस?"

"हातात ब्रश असतो तेव्हा आपलं तोंड आरशात बघा एकदा. लहान मुलासारखं झालेलं असतं. कोण बोलणार?" तिचा आवाज मऊ झाला. "ती लहान होती तेव्हाही, तुम्ही रंगाचं काम काढलं की मी तिला तिच्या मावशीकडे पाठवायचे. तुम्हाला वाटायचं, मावशीचा लळा आहे."

खरंच तसं वाटायचं. रंगाऱ्याला राग आला, पण तो काढावा कोणावर हे सापडेना. आपलं मन मोडू नये म्हणून घरातल्या बायका इतकी वर्षं श्वास कोंडून राहिल्या, आणि आपण रंगाचा दर्जा वाढवत बसलो. तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. बायकोनं चहा आणून दिला, तो त्यानं गार करून प्यायला.

संध्याकाळी लेक ऑफिसातून आली, तर तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, चिडलात?"

"चिडलोय. तुझ्यावर नाही. आजच त्या खोलीत जा, पोरीला आता इथं एक रात्रही नको." मग बॅगेकडे बघत म्हणाला, "सगळं सामान मात्र नेऊ नकोस."

ऑइल पेंटवर चुना धरत नाही, त्यामुळे सगळा रंग मुळापासून उतरवणं आलं. रंगाऱ्यानं तोंडाला फडकं बांधलं, भिंत भिजवून लोखंडी पट्टीनं खरवडायला घेतली. गुलाबीखाली अस्मानी निघाला, अस्मानीखाली पिस्ता, पिस्त्याखाली मोतिया. लेकीची एकेक खेप. आपल्याच हातचं काम आपल्याच हातानं उतरवताना त्याचा जीव तुटत होता, पण हात थांबला नाही. शेजारी डोकावून जायचे आणि रंगाऱ्याचं डोकं फिरलं म्हणायचे. कपाट हार्डवेअरवाल्याच्या गोदामात गेलं. खिडक्यांची तर वेगळीच तऱ्हा. रंगाचे इतके थर चढले होते की झडपा चौकटीला चिकटून बसलेल्या. आपल्या घराच्या खिडक्या उघडत नाहीत, हे त्याला झडपा सोडवायला पटाशी हातात घेईपर्यंत ठाऊकच नव्हतं. पहिली झडप करकरत उघडली तेव्हा बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि नुसती तिथं उभी राहिली.

मग चुनकळी भिजवली, चुना गाळला, पातळ करून कुंच्यानं मारला. पहिला हात दिसेचना, तेव्हा आयुष्यभर चमकीवर पोसलेला तो माणूस पार हिरमुसला. वाळल्यावर भिंत हळूहळू पांढरी होत गेली आणि त्याच्याही जिवात जीव आला. चुना कपड्यांना लागू नये म्हणून त्यात थोडा डिंक घालतात. पण रंगाऱ्याचा पश्चात्ताप आता भरात आला होता. चिकट म्हणून काही घरात नको, असं सांगून त्यानं डिंकालाही हद्दपार केलं. परिणाम असा की जो येईल तो पांढरा होऊन जाई, आणि बायको दिवसभर झटकत फिरे.

लेकीला त्यानं निरोप धाडला, नुसतं बघायला या. सुट्टीच्या दिवशी त्या दोघी आल्या. गोटीनं आधी बदकांची चौकशी केली, ती उडून गेल्याचं ऐकून थोडी रुसली, मग खोलीभर धावली, दमली आणि चटईवरच झोपली. तिघं जण तिच्याकडे बघत राहिले. खोकला आला नाही. दुपार कलली तरी आला नाही.

लेक भिंतीला टेकून खाली बसली. रंगाऱ्याच्या तोंडाशी शब्द आले होते, टेकू नको, ओलं आहे. तिचं सगळं लहानपण तो हेच ओरडत आला होता. इतकं, की ती कोणाच्याही घरी गेली तरी खोलीच्या मधोमध बसायची. त्यानं शब्द गिळले. लेकीनं डोकं मागं टेकवलं आणि डोळे मिटले.

"बाबा," ती म्हणाली, "या महिन्याचं भाडं देऊन टाकलंय. पहिल्या तारखेला येतो आम्ही."

"बरं," रंगारी म्हणाला.

चहा टाकायला म्हणून ती उठली, तर पाठ चुन्यानं पांढरीफटक.

"थांब," रंगारी म्हणाला आणि झटकायला लागला. ती पाठमोरी उभी राहिली. ती शाळेत जायला लागल्यापासून त्यानं तिच्या पाठीवर कधी हात ठेवला नव्हता. हात सदा रंगानं भरलेले, तिचा फ्रॉक खराब होईल म्हणून. आता त्याच्या तळव्याखाली तिचा श्वास संथ वरखाली होत होता.

"अजून आहे का?" तिनं विचारलं.

चुना केव्हाच निघाला होता.

"आहे थोडा," रंगारी म्हणाला.