डावं वळण

चिमणीची रेसची मोटरसायकल दोनच माणसांना कळायची. एक चिमणीला, दुसरं तिच्या मिस्त्री मामाला. उजव्या वळणाला ती सीटवरून अशी अलगद बाहेर लटकायची, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. डाव्या वळणाला मात्र लाकडासारखी ताठ. शिकतानाच एकदा ती डावीकडे आपटली होती, तेव्हापासूनची ही खोड. तिचं अंग हलत नाही म्हटल्यावर सगळं कलणं गाडीच्याच वाट्याला यायचं. मग फुटरेस्ट जमिनीला घासायचा आणि घाबरून बाईसाहेब वेग सोडायच्या.

मामाला हे सुरुवातीलाच दिसलं. पण पोरीला बोलायला जीभ रेटेना. त्याने मागची स्प्रिंग आवळून गाडीचं बूड उचललं. घासणं थांबलं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! पुढे ती जिंकायला लागली, तेव्हा मामाच गावभर मिरवला.

मग एका मोठ्या संघाने तिला चाचणीला बोलावलं. जागा एकच, आणि तिने आयुष्यभर वाट पाहिली ती हीच. गाडी त्यांची, स्प्रिंगही त्यांनीच लावलेली. मामाने पान्याला हात लावायचा नाही. तो कठड्यापाशी उभा राहिला. दर फेरीला डाव्या वळणावर खर्रकन आवाज यायचा आणि पाठोपाठ इंजिनचा सूर पडायचा.

ती उतरल्यावर संघाचे प्रशिक्षक हळूच म्हणाले, "बाई, डावीकडे तुम्ही नुसत्या बसून राहता. हे कुणी सांगितलं नाही कधी?"

"नाही," ती म्हणाली.

त्यांनी दुसऱ्या मुलीला घेतलं.

गॅरेजात परतल्यावर ती हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसली.

"मामा, तुला दिसत होतं?"

"दिसत होतं गं."

"मग तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"वाटलं, बोललो तर आणखी बिचकशील. म्हटलं, गाडीचंच बघू."

"गाडी धडधाकट होती रे! तिला कशाला औषध पाजत बसलास?" ती हसायला गेली, पण ते तिला जमलं नाही.

मामाने पाना घेतला आणि स्प्रिंग पूर्वी होती तशी सैल केली. मग गाडी स्टँडवर चढवली.

"बस. डावं बूड सीटबाहेर काढ. उजवी मांडी टाकीला दाबून धर. हातांवर भार नको. आता हनुवटी डाव्या मुठीकडे ने."

ती बाहेर सरकली. थोडी थरथरली, मग अंग आपसूक स्थिरावलं. गाडी हललीसुद्धा नाही.

"इतकंच?" तिने विचारलं.

"इतकंच."

ती तशीच लटकून राहिली, उतरेना. मामा वाकून स्प्रिंगकडे बघत राहिला. तिथे आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.