अठरा ग्रॅमची चूल

स्वरदाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. तीन आठवडे ते पंचांगात पडून होतं आणि मी तिथी बघायचंही टाळत होतो.

स्वरदा माझ्या धाकट्या भावाची नात. पुण्याला असते, पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगर चढते. तिनं लिहिलं होतं, "आजोबा, एकोणीसला आम्ही हिमाचलला निघतोय. तुमच्यासारखीच डब्यांची चूल मीही केलीय. मग गॅसचा स्टोव्ह घरीच ठेवू ना? तुमच्या शब्दावर आहे सगळं."

पंचाईत अशी, की माझी चूल नव्हतीच. पेयाच्या दोन रिकाम्या डब्यांचे तळ कापून एकमेकांत बसवायचे, काठाला टाचणीनं भोकं पाडायची, आत स्पिरिट ओतून पेटवायचं, हे मी वाचलं होतं. दिवाळीत तिला लिहिताना 'वाचली'च्या जागी 'केली' लिहून बसलो. वर अठरा ग्रॅम वजनही ठोकून दिलं. जन्मभर ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं लावली. एकदा तरी आपणही काही केलेलं असावं असं वाटलं असेल. फोन करून कबूल करता आलं असतं, पण फोनवर मी 'हॅलो'च्या पुढे जात नाही.

शेवटी चूल खरोखर करायचं ठरवलं आणि शेजारच्या शिवाजीरावांकडे डबे मागितले. ते बबीन्याच्या लष्करी छावणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले.

"बियरचे डबे? जनार्दनजी, भरलेले देऊ की रिकामे?"

"रिकामे."

"अरेरे! म्हणजे पिऊन टाकलेले दाखवायचेत वहिनींना?"

त्यांनी सहा डबे पारदर्शक पिशवीत घालून दिले. मुद्दामच. दाराशी मिठाईवाला उभा होता.

"पंडितजी, पार्टी?"

"चूल," मी म्हणालो.

"हाँ हाँ, चूल," म्हणत त्यानं डोळा मारला.

घरात कमलनं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, हे कधीपासून?"

"चूल करतोय."

"पंचेचाळीस वर्षं मी करतेय ती दिसली नाही वाटतं?"

चार डबे कापाकापीत वाया गेले. उरलेल्या दोन डब्यांचं दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाचं जमलं. अंगणात भर उन्हात स्पिरिट ओतलं, काडी लावली. काही नाही. दुसरी लावली. काही नाही. स्पिरिट कमी पडलं असेल म्हणून बाटली उघडली.

"थांबा," कमल म्हणाली. तिच्या मुठीत मीठ-मोहऱ्या होत्या. "दृष्ट लागलीय तुम्हाला. अख्ख्या गल्लीनं ती पिशवी बघितलीय." तिनं मूठ तीनदा माझ्यावरून ओवाळली. "आता विस्तव कुठून आणू? यातच टाकते."

मोहऱ्या तडतडल्या आणि वीतभर पिवळी ज्योत वर आली. चूल मघापासून पेटलेलीच होती! निळी ज्योत उन्हात दिसत नव्हती; मिठानं पिवळी झाली तेव्हा दिसली. उघडी बाटली माझ्या हातात, डब्यापासून चार बोटांवर. कमलनं ती हिसकावून घेतली.

"तुमच्या पुस्तकात हे नव्हतं?"

"होतं बहुतेक. तळटीपेत."

भांडं ठेवलं. वाऱ्यानं ज्योत इकडून तिकडे पळत राहिली आणि पाणी उकळायच्या आत स्पिरिट संपलं. कमलनं त्या पाण्यातच चहापूड टाकून घोट घेतला. "कोमट."

भिंतीवरून शिवाजीराव ओरडले, "वहिनी, भरलेले डबे पाठवू का?"

मी आत जाऊन लिहायला बसलो. 'स्वरदा, मी चूल केली नव्हती. खोटं लिहिलं होतं. आज केली. उन्हात तिची ज्योत दिसत नाही. विझली समजून वरून स्पिरिट ओतशील तर हात भाजेल. वाऱ्यात पाणी उकळत नाही. गॅसचा स्टोव्ह ने. माझ्या शब्दावर राहू नकोस.' शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

कमलनं वाचलं. "दृष्ट मी काढली, तेही लिहा."

तेही लिहिलं.

एकोणीसच्या आत पोचायला हवं म्हणून स्पीडपोस्टच्या खिडकीशी गेलो. तिथल्या बाईंनी शिक्का मारून पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. परत मागावंसं फार वाटलं, पण माझ्यामागे रांग होती.